तीन दात मागे

दादानं आज गाडीच्या इंजिनातला पट्टा मुद्दाम तीन दात मागे चढवला. एकच दात चुकवला असता, तर तो चुकलाय की बरोबर आहे हे त्याचं त्यालाच कळलं नसतं. इतके डोळे गेले होते.

टायमिंगचा पट्टा म्हणजे काही पंख्याचा पट्टा नव्हे, की घातला आणि झालं. वरच्या चाकावरची खूण मागच्या पत्र्यावरच्या खाचेसमोर आली पाहिजे, खालच्या चाकाची खालच्या खाचेसमोर, आणि मगच पट्टा चढवायचा. चुकलेल्या पट्ट्यावर कुणी किल्ली फिरवली, तर आतले वॉल्व्ह जाऊन पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाची पार वाट लागते.

एवढं जोखमीचं काम गॅरेजात अजूनही दादाच करायचा. काचबिंदूनं नजर खाल्ली होती आणि गेलेली परत यायची नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. दादा म्हणाला, नाही तर नाही, माझी बोटं शाबूत आहेत. आणि खरंच की! बोटांनी खुणा चाचपून त्यानं बसवलेली एकही गाडी परत आली नव्हती. गडी तेवढ्यावर जगत होता.

पण हल्ली त्याच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. पट्टा चढला रे चढला, की धाकटा भाऊ काही ना काही निमित्त काढून त्याला बाहेर पिटाळायचा. का बरं? आज ते कळणार होतं.

"दादा, जा, चहा पिऊन ये. बाकीचं मी आवळतो."

"जातो. पण मी आल्याशिवाय किल्लीला हात लावू नकोस हं, छोट्या."

"वेडा आहे का मी?"

कोपऱ्यावर दादा चहा घेऊन बसला. जन्मभर त्यानं देवाकडे, हातून काम बरोबर होऊ दे, एवढंच मागितलं होतं. आज तो म्हणत होता, देवा, चुकलेलंच राहू दे. पट्टा तीन दात मागेच असू दे. म्हणजे छोट्या माझ्यामागे काही बघत नाही, म्हणजे आजवरच्या सगळ्या गाड्या माझ्याच. मग मी हसत हसत पट्टा उतरवीन आणि पुन्हा नीट चढवीन.

तो परत आला तेव्हा धाकटा हात पुसत होता. दादा बॉनेटखाली वाकला. अंगठ्याचं नख वरच्या चाकाच्या कडेवरून सरकवत नेलं. खूण लागली. तिथून खाच शोधायला नख पुढे न्यावंच लागलं नाही. ती समोरच होती. त्यानं पुन्हा चाचपलं, मग खालचं चाक चाचपलं. सगळं जिथल्या तिथे.

इतकं अचूक बसलेलं काम हाताला लागून कुणाला कधी रडू आलं असेल का? त्याला आलं. तो तसाच वाकून राहिला.

"तू बघितलंस का रे हे?"

"छे! तू बसवलेलं मी काय बघायचं?" धाकटा चटकन म्हणाला. "एकदम झकास बसलंय, दादा."

तेवढ्यात गाडीवाल्या बाई दारात आल्या. "झाली ना हो? मी सगळ्यांना सांगते, मोठ्या मेस्त्रींच्या हाताला यश आहे."

वडिलांच्या वेळेपासून गॅरेजचा एक दंडक होता. पट्टा ज्यानं बसवला, पहिली किल्ली त्यानंच फिरवायची. बिघडलं तर त्याच्या माथी, चाललं तर शाबासकीही त्याचीच. दादानं भिंतीवरच्या खिळ्यावरून किल्ली काढली आणि धाकट्याचा आवाज आला होता त्या बाजूला हात पुढे केला.

"घे. फिरव."

किल्ली दादाच्या तळहातावर तशीच राहिली.

"अहो, दोघांपैकी कुणीतरी फिरवा की!" बाई म्हणाल्या. "माझी मुलगी शाळेच्या फाटकात ताटकळली असेल."