नाल्यापल्याड

प्राचीनं हॉलचं दार उघडलं अन् लोक जे आत घुसले ना, काय सांगू! अख्ख्या फरशीवर खडूनं गाव काढलं होतं तिनं. धरणात बुडालेलं सावळापूर. गल्ल्या, विहीर, देऊळ, मशीद, एकेक घर. ज्यानं त्यानं आपल्या घरात जाऊन उभं राहायचं, आठवते ते बोलायचं, अन् प्राची ते रेकॉर्ड करणार. कामच ते तिचं. गावाचा इतिहास गावाच्याच तोंडून गोळा करायचा.

"हे माह्यं घर!" शीलाकाकू वरडल्या.

"एवढं मोठं कधी होतं हो वहिनी? माह्या आंगनात उभ्या हाय तुम्ही," यज्ञेश्वरकाका म्हणाले.

सगळे हसले. काकूही हसल्या, चुलीच्या जागी बसल्या, अन् बसल्या बसल्या रडायलेच लागल्या. प्राचीनं रेकॉर्डर हळूच जवळ सरकवला.

तेवढ्यात तिले एक म्हातारा दिसला. उकंडा नाव त्याचं. पांढरकवड्याहून बसनं आलता. एकही रेघ न तुडवता गल्लीगल्लीतून चालून राह्यला होता. शेवटच्या गल्लीपर्यंत जाये, थांबे, परत फिरे.

"बाबा, घर शोधून राह्यले का?"

"सगळ्यायले सापडलं, बाई. माह्यं सापडून नाही राह्यलं."

"कुठं होतं?"

"नाल्यापल्याड. कोलामायचा पोड आमचा. आठ-धा घरं."

प्राचीनं दाराकडं पाहिलं. नाला तिनं काढला होता, पार दाराच्या उंबरठ्यापाशी. त्याच्या पल्याड काहीच नाही. सरकारी नकाशात गावठाण तेवढं होतं. अन् एवढ्या लोकायले भेटली ती, आदिवासीयच्या त्या वस्तीचं, पोडाचं, नाव कोणी काढलं नाही. तिनंही विचारलं नाही.

"पोरी, पोड गावात कुठं येते?" काका आपल्या आंगनातूनच म्हणाले. वाईट काही नाही बोलले. जसं होतं तसं बोलले.

"बाबा, पुढच्या वेळी नक्की..."

"मी कायले येतो आता पुढच्या वेळी?" उकंडा म्हणाला. "माही बुढी तिथंच पुरली हाय. घराच्या मांगं, मोहाच्या झाडाखाली. वर पाणी हाय आता. म्हटलं एकडाव तिच्यापाशी उभं राहू."

प्राचीनं खडू उचलला अन् उंबरठा ओलांडून बाहेर आली. बाहेर व्हरांडा. अन् व्हरांड्यात साऱ्या गावाच्या चपलांचा ढीग.

ती खाली बसली अन् चपला बाजूला सारायले लागली.

"राहू दे न, बाई. लोकायच्या चपला हायेत."

तिनं ऐकलं नाही. जागा मोकळी केली. उकंडा बोट दाखवे, ती घर काढे. सगळ्यात शेवटी मोह. उकंडा त्या मोहापाशी उकिडवा बसला, फरशीवर तळहात ठेवला. प्राचीचा रेकॉर्डर आतच राह्यला. आणायले ती गेलीच नाही.

जेवणाची वेळ झाली, लोक निघाले. सगळ्यात पुढं काका. एक पाय दाराबाहेर टाकणार, तं खाली नव्या रेघा दिसल्या. म्हाताऱ्याची वाकलेली पाठ दिसली. काकांनी पाय मागं घेतला.

"चला न काका, काहून थांबले?" मागून कोणीतरी ढकललं.

काका हलले नाही. उंबरठ्याच्या आतूनच, एकदम हळू आवाजात म्हणाले,

"उकंडा... येऊ का गा?"

उकंडानं मान वर केली नाही. मागचं ढकलणं थांबलं. अन् काका तिथंच, अनवाणी, वाट पाहत उभे राह्यले.