मागणं

"मी सोमवारी जातोय. तुला यायचंय की नाही, तेवढं सांग," कटिंग मास्तर म्हणाला.

आज त्याने 'वहिनी' म्हटलं नाही. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. कापडाच्या ताग्यांमागे दोघंच उभे होते. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट अंगावर काटा आला, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

मास्तर काही लफंगा नव्हता. तिच्या नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र होता तो. त्याची बायको वारून बरीच वर्षं झालेली. इमारतीला रंग देताना नवरा परांचीवरून पडला, मानेखालचं सगळं अंग लुळं झालं, तेव्हा बाकीचे मित्र दोन-चारदा येऊन गेले आणि मग वाट विसरले. मास्तर मात्र दर रविवारी येऊन त्याची दाढी करायचा, गप्पा मारायचा. तिला इथे शिलाईवर चिकटवलं तेही त्यानेच. आता दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्यातून त्याला बोलावणं आलं होतं. राहायला घर मिळणार होतं, घराला गच्ची होती.

"आणि ह्यांचं काय?" तिने विचारलं.

"तिथे मिशनची संस्था आहे. अशाच माणसांना सांभाळतात. नीट सांभाळतात, मी बघून आलोय. अगं, तू माणूस आहेस, मशीन नाहीस."

त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"उद्या सांगते," ती म्हणाली. आपल्या तोंडून 'नाही' निघालं नाही, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

पहाटे उठून नवऱ्याला कुशीवर वळवायचं. पाठीवरच्या जखमा धुवायच्या, चादर बदलायची, भरवायचं. त्याला शेजारणीच्या हवाली करून कारखाना गाठायचा, आणि परत आलं की पुन्हा तेच. तिच्या कमरेचा पार खुळखुळा झाला होता. आरशात बघणं तिने केव्हाच सोडलं होतं. भेटायला येणारे म्हणायचे, "बाई, तू म्हणजे अगदी देवमाणूस!" आणि चहा पिऊन चालते व्हायचे. देवमाणसालाही कुणीतरी जवळ घ्यावंसं वाटतं, हे ती कुणाच्या कानात सांगणार? मनगटावरची ती ऊब सुट्टी संपली, भोंगा झाला, तरी गेली नव्हती.

घरी जाताना तिची पावलं चर्चकडे वळली. आत कुणी नव्हतं. एक म्हातारी बाई फरशी पुसत होती तेवढीच. तिच्यापासून लांब, शेवटच्या बाकाशी ती गुडघे टेकून बसली.

"प्रभू, मला जायचंय," ती पुटपुटली. खोटं बोलायला ती आली नव्हती. "मला खरंच जायचंय. तूच धर मला. माझ्याच्यानं होत नाही."

काही झालं नाही. ना आवाज आला, ना मनाला शांती वाटली. गुडघे तेवढे दुखायला लागले. तिने क्रूसावर खिळलेल्या प्रभूकडे पाहिलं. खाली उतर, उतरून दाखव, म्हणून लोकांनी त्याला किती डिवचलं होतं. त्याला उतरता येत होतं. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट तिला आज पहिल्यांदाच नीट कळली. येत होतं, तरी तो उतरला नाही. ती डोळे पुसून उठली. दिलासा मिळाला नव्हता. पण उद्या काय सांगायचं, ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर टेबलावर कापडाच्या घड्या पसरत होता.

"मी येत नाही," ती म्हणाली. "यायचं नाही असं नाही. पण येणार नाही."

"त्याला लग्नात दिलेल्या शब्दासाठी?"

"त्यांना दिलेला शब्द मी केव्हाच मोडला असता, मास्तर. पण ज्याच्यासमोर दिला, त्याच्यापुढे मोडवत नाही."

मास्तर मटकन स्टुलावर बसला. "आता मी त्याला काय तोंड दाखवू?" तो म्हणाला. मित्राच्या बायकोला असं विचारल्याची लाज वाटत असेल, असं तिला वाटलं. तिला त्याची दया आली. स्वतःचीही आली. मग ती मशीनवर जाऊन बसली आणि सुट्टी होईपर्यंत मान वर न करता कॉलर शिवत राहिली.

घरी आल्यावर ती नवऱ्याला पेज भरवू लागली. दोन घास झाल्यावर त्याने तोंड फिरवलं.

"मास्तर काही म्हणाला?"

तिचा चमचा हवेतच राहिला. मग तिने सगळं सांगून टाकलं. गच्ची, संस्था, मनगटावरचा हात, काही लपवलं नाही. "खोटं कशाला बोलू? पाय घसरलाच होता माझा," ती म्हणाली. "पण काल चर्चमध्ये जाऊन प्रभूकडे मागितलं, मला धरून ठेव म्हणून. आणि त्याने धरलं, अहो. मी कुठे जात नाही."

त्याने डोळे मिटले. पाणी कानांकडे ओघळलं. त्याला ते पुसता येत नव्हतं. तिने पदराने पुसलं. सुटकेचं रडू असेल, असं तिला वाटलं.

"आता कशाला रडताय? मी आहे ना."

"तुला विचारायला मास्तरला मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्याला तू आवडतेस, ठाऊक होतं मला. आणि पडल्यापडल्या मीही रोज प्रभूकडे एवढंच मागत होतो गं, हिला एकदाची सोडव म्हणून."