काटा खाली आला

गाडीच्या तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्ट्यात शिरला, तशी नवऱ्याने काचेवर टिचकी मारली.

"खोटारडा आहे. लक्ष नको देऊस."

तिचं लक्ष होतंच. एक डोळा काट्यावर, एक मांडीवरच्या चिमीवर. दहा महिन्यांच्या चिमीला कालपासून उलट्या आणि जुलाब होत होते. चमच्या-चमच्याने पाजलेलं साखर-मिठाचं पाणीही पोटात ठरत नव्हतं. दवाखाना पुलाच्या पलीकडे, अजून बराच लांब. टॅक्सी बोलवू या, असं ती निघताना म्हणाली होती. दारात घरची गाडी असताना टॅक्सी कशाला, असं तो म्हणाला होता.

गाडी सासऱ्यांच्या वेळची. गेला महिनाभर तो त्या काट्याच्या मागे लागला होता. इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढून बघितली. काटा खाली पडला, म्हणजे मीटर ठीक. मग सेन्सर बदलला. काटा लालच. मग अर्थिंगची वायर घासूनपुसून परत आवळली. काटा लालच. इंजिनच तापत असेल, असं ती एकदा बोलून गेली होती. "इतकी वर्षं तापलं नाही, ते आता कशाला तापेल?" तो म्हणाला होता, आणि तेव्हापासून घरात एक विनोद चालू झाला होता.

"आपल्याकडे दोन काटे आहेत, आई, एक गाडीचा, एक हिचा," तो आताही आरशातून मागच्या सीटकडे बघत म्हणाला. "दोन्ही कायम लालवर."

सासूबाई हसल्या. "पहिलं लेकरू आहे रे तिचं. असायचंच."

चिमी किरकिरत होती. तोंड वेडंवाकडं करून रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

"रडून रडून टिपंसुद्धा संपली बिचारीची," सासूबाई म्हणाल्या.

पुलाच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. गाडी एका खड्ड्यात दणकन आदळली. थोड्या वेळाने काटा थरथरला आणि उतरायला लागला. लालमधून मधे आला. मधून पार तळाशी.

"बघ, अर्थिंगच लूज होतं. महिनाभर डोकं फोडलं, आणि एका दणक्यात बसलं जागेवर."

चिमीही हळूहळू गप्प झाली. तिची मान आईच्या कोपरावर कलली. सासूबाई पुढे वाकल्या.

"झोपली गं बाई एकदाची. आणि सकाळी बांधलेला लंगोट अजून बदलावा लागला नाही, लक्षात आलं का? जुलाब थांबले. आता दवाखान्यात ताटकळत बसण्यापेक्षा घरी नीट निजू दे तिला."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "वळवू?"

तिने काट्याकडे पाहिलं. गार. चिमीच्या कपाळाला हात लावला. तेही गार. आपलाच काटा बिघडलाय बहुतेक. तिने मान डोलावली.

गाडी वळली. कालपासून पहिल्यांदाच तिने पाठ सीटला टेकवली.

फार पुढे गेलेच नाहीत. आधी करपल्यासारखा वास आला. मग इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. नवऱ्याने गाडी कडेला ढकलत नेली. पुढे-मागे रस्ता मोकळा. टॅक्सीवाल्याचा फोन लागेना.

बॉनेट उघडून त्याने हाताला फडकं गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण जपून फिरवलं. वाफ आली नाही. साधा फुस्स आवाजही आला नाही. तो वाकून आत बघत राहिला. मग तिच्या खिडकीपाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"आत थेंब नाही. इतके दिवस गळतच असणार."

"पण काटा तर खाली आला होता."

"म्हणूनच आला." तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. "सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच त्याला ताप कळतो. पाणीच संपल्यावर तो काय दाखवणार?"

"हळू बोला रे," सासूबाई म्हणाल्या. "पोर उठेल."

तिने चिमीला हाक मारली. मग मोठ्याने मारली. गालावर टिचक्या दिल्या. चिमीच्या पापण्या अर्धवट उघडल्या आणि तशाच राहिल्या.

तिने लंगोटात हात घातला. सकाळी बांधला होता तसाच तो कोरडा ठणठणीत होता.