निरोपाचं मानपत्र

"बाबा, खुशामत करणाऱ्याले लॅटिनमध्ये अदुलातोर म्हणतात," मोबाइलमधून डोकं वर न काढता दीपमाला म्हणाली. नागपूरला वकिली शिकायला गेल्यापासून पोरीला लॅटिन शब्दांचं वेड लागलं होतं.

"वापरतात कुठं?" धम्मरत्न सरांनी विचारलं.

"राजाच्या मागंपुढं करणाऱ्यासाठी. पण शब्द मूळचा कुत्र्याचा आहे. शेपूट हलवत अंगाशी येते ना, त्याचा."

सर हसले नाहीत. बाभुळगावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचं मानपत्र त्यांनीच लिहिलं होतं. धनसिंग सरांसारखे वर्गात घोरणारे मास्तरही त्यांच्या लेखणीतून ज्ञानसूर्य होऊन घरी गेले होते. कुणी गळ घातली की नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. आज त्यांचाच निरोप होता आणि या सगळ्या गोडव्याचा त्यांना वीट आला होता.

"माझ्याबद्दल आज कोणी एक वाक्य खरं बोललं, तरी पुरे," ते म्हणाले. "नाही तर इतके वर्षं फुकट गेले असंच वाटते मले."

"तुमचं कोण लिहून राह्यलं?"

"प्रभावतीबाई. गणिताच्या. गोड बोलणं त्यायले जमत नाही, म्हणून मीच नाव सुचवलं."

सभागृहात शाल झाली, नारळ झाला. प्रभावतीबाई कागद घेऊन उभ्या राहिल्या आणि पाढे म्हटल्यासारखं एका सुरात वाचू लागल्या. सर पाठमोऱ्या पोरालाही नावानं हाक मारतात. फळ्यावर चुकलं तर वर्गाची माफी मागतात. पोरगं नापास झालं, की निकालाच्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसतात, आणि अभ्यासाचं अवाक्षर काढत नाहीत.

सरांनी मान खाली घातली. म्हणजे बाईंनी हे सगळं पाहिलं होतं. इतक्या वर्षांत आपल्याला कुणीतरी नीट पाहिलं, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले. चारचौघांत ते पुसायची त्यांना लाजही वाटली नाही.

चहाच्या वेळी ते मुद्दाम बाईंकडे गेले.

"बाई, उपकार झाले. तुम्ही खरं लिहिलं."

प्रभावतीबाई ओशाळल्या.

"मले कुठं लिहिता येते, सर? तुम्ही वीस वर्षांमागं धनसिंग सरांसाठी लिहिलेलं मानपत्र कपाटात सापडलं. मी त्यात फक्त नाव बदललं."