कंसातली शांतता

आशयचा फोन चोरून ऐकायची सरकारी परवानगी दोन महिन्यांची होती. तो मराठीत बोलायचा, म्हणून भोपाळच्या त्या कार्यालयात हेडफोन लावून त्याचं बोलणं उतरवून घ्यायचं काम मूळ नागपूरच्या श्रीकांतकडे आलं. संशय खरा की खोटा हे ठरायच्या आतच आशय अपघातात गेला. त्याचा बंद पडलेला फोन सील होऊन श्रीकांतच्याच कपाटात आला. माणूस गेला, परवानगी मात्र जिवंत राहिली.

तरी रोज दुपारी चारला बरखेड्याहून आशयच्या आईचा, सुमित्राबाईंचा, त्या नंबरवर फोन यायचा. आणि तो उचलला जायचा.

"जेवलास का रे?" त्या विचारायच्या. मग उत्तर मावेल एवढी शांतता. मग त्या म्हणायच्या, "बरं. आणि दही घेत जा."

श्रीकांतला मधलं काहीच ऐकू यायचं नाही. तो कंसात 'शांतता' लिहायचा आणि कुणाला काही बोलायचा नाही.

आज मुदत संपली. "श्रीकांतजी, सारी रेकॉर्डिंग डिलीट कर दीजिए, नियम है," साहेब सांगून गेले. त्याने माऊसवर हात ठेवला, तेवढ्यात चार वाजले.

"जेवलास का रे?"

शांतता. आज नेहमीपेक्षा लांबलेली.

"आजच?" सुमित्राबाईंनी विचारलं. "तिथेच बसलेत का ते?"

पुन्हा शांतता. मग त्या अगदी हळू म्हणाल्या,

"श्रीकांतभाऊ, पुसू नका हो. त्याचा आवाज आता तेवढाच उरलाय."