इदिरची वर्गणी

अदिस अबाबाहून हवासाला आम्हा चौघांचं बिऱ्हाड हलवायचं, तर ट्रकवाल्याच्या भाड्यातच माझा महिन्याचा पगार संपत होता. सामान कमी केल्याशिवाय गणित जमेना. बायको एकही खुर्ची सोडायला तयार नव्हती. आईचं मात्र एकच उत्तर.

"तुझा पलंग?"

"इथेच राहू दे."

"कपाट?"

"तेही राहू दे."

कॉफीची मातीची किटली, कोळशाची शेगडीसुद्धा तिने सोडली, तेव्हा मला भरूनच आलं. मी लगेच लहान ट्रक ठरवून टाकला.

मग ती म्हणाली, "झेरिहुन, इदिरची वर्गणी मात्र दर महिन्याला भरत जा हं."

मी चक्रावलोच. गल्लीत कुणी गेलं की तंबू, जेवण, खांदेकरी सगळं इदिर ही गल्लीची मंडळी वर्गणीतून बघते, हे खरं. पण गल्लीच सोडल्यावर वर्गणी कसली?

"अगं, तिकडच्या इदिरमध्ये घालू ना तुझं नाव!"

"तिकडचे तंबू ठोकतील रे. पण रडायला बसतील, ते काय आठवून रडतील?"

"म्हणजे उद्या तुझं काही झालं, तर तिथून इथवर आणायचं तुला? त्या गाडीचं भाडं कुठून घालू आता या हिशेबात?"

आईने त्याच शेगडीत फुंकर घातली.

"नको घालूस. आणि बसची तिकिटंही तीनच काढ."