समुद्राकडची कबर

दोन हजार तीन सालच्या मे महिन्यात मालिकेचं शूटिंग संपलं आणि पूर्णगडच्या सड्यावर उभारलेलं खोटं कब्रस्तान मोडायला घेतलं. आधीच्या एका युनिटनं टाकून दिलेला थर्माकोल वाऱ्यानं खाडीत गेला होता आणि वर्षभर लोकांच्या जाळ्यांत येत होता. म्हणून या वेळी गावानं आधीच बजावलं होतं, जाताना एक तुकडासुद्धा मागे ठेवायचा नाही.

सेटवाला विनीत एकेक कबर उचलून टेम्पोत टाकत होता. समुद्राकडच्या शेवटच्या कबरीवर मात्र, खऱ्या कबरीवर ठेवतात तसा, कुणीतरी ताज्या डहाळ्यांचा सब्जा ठेवलेला होता. शेजारी जैनबी बसली होती. तिचा मुलगा अद्नान गेल्या वर्षी वादळात होडीसकट बुडाला, त्याची मय्यत काही हाती लागली नाही.

"ही एक राहू दे रे, बाळा."

"चाची, ही कबर नाहीये. नुसता थर्माकोल आहे, वरून रंग मारलाय."

"ठाऊक आहे मला. तुमची माणसं करत होती तेव्हा मीच पाणी आणून देत होते."

विनीत तिच्याजवळ खाली बसला. "तुमचंच गाव ओरडेल, चाची. हे समुद्रात गेलं तरी विरघळत नाही, कुजत नाही. आपण सगळे मेलो तरी असंच राहतं."

जैनबीनं कबरीवरचा सब्जा सारखा केला.



"मग हीच दे. माझ्या पोराचं काय तरी एक या दर्याला पचायला नको."